अळंबीच्या खोलीतला निवद

भिवा भोईरने आयुष्यात बरंच काही सोडलं. मानपाड्याची शेतं बिल्डरला गेली, बैल गेले, विडीसुद्धा सुटली. पण पेरणी झाली की बांधावर शेताच्या राखणदार देवाला निवद दाखवायची खोड काही सुटली नाही. आता पेरायलाच काही नव्हतं, हे त्याचं खरं दुखणं.

म्हणून सुनेने, कल्पिताने, तळमजल्याच्या खोलीत अळंबी लावायचं काढलं तेव्हा म्हातारा हरखून गेला. पोरगी कल्याणच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. भाताचा पेंढा ती मोठ्या टोपात चांगला उकळायची, निथळत ठेवायची, हातांना स्पिरिट चोळायची आणि मगच बियाणं मिसळून पिशव्या भरायची. पेंढ्यातली बुरशी आधी मारली की आपल्या बियाण्याला रान मोकळं, असं तिने सांगितलं. भिवाला ते लगेच पटलं. नांगरटीत तरी दुसरं काय करतात!

तरीही पहिल्या खेपेला पिशव्या हिरव्या बुरशीने भरल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच. भिवाचा मुलगा कमलेश म्हणाला, आता बिघडलं तर खोली भाड्याने देऊ. कल्पिताचं तोंड एवढंसं झालं. ते बघून भिवाचा जीव तुटला आणि त्याने त्याला ठाऊक असलेला एकच उपाय केला. पहिल्या खेपेला पिशव्यांमागे गुपचूप मूठभर दहीभात ठेवला होता, दुसऱ्या खेपेला जोडीला खोबरं. आता पानभर वाढलं. राखणदार रुसलाय म्हटल्यावर हात आखडून कसं चालेल?

कल्पिता खोलीत सदा मास्क लावून, तिला वास येणार कुठून? तिसऱ्या खेपेला मात्र मास्कची दोरी तुटली आणि नाकाने चोर पकडला. तिने सासऱ्याला हाक मारली.

"पेरनी क्येली का निवद दाखवाचाच ना, पोरी," भिवा चाचरत म्हणाला. "त्याला उपाशी कसा ठेवाचा?"

कल्पिता हसत खालीच बसली. मग तिने भातावर नुकती धरलेली बुरशी दाखवली. उकळून जंतू मेले तरी पेंढ्याला कवच येत नाही, ही बुरशी हवेतून पिशव्यांत शिरते, असं तिने समजावलं.

"म्हंजे तुजा पीक मीच बुडवला?" भिवाने विचारलं.

"राखणदार बांधावर बसतो ना, बाबा? मग आपला बांध म्हणजे हा उंबरठा. निवद त्याच्या बाहेर, अंगणात."

खोली जंतुनाशकाने पुसून निघाली. भिवाने दारात खुर्ची टाकली. हात धुतल्याशिवाय तो कमलेशलाही आत सोडेना, चपला तर अंगणातच. मुलगा वैतागला, म्हातारा ढिम्म हलला नाही.

या खेपेला पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि अळंबीचे घोस लोंबू लागले. पहिल्या तोडणीची भाजी घेऊन कल्पिता बाहेर आली तेव्हा भिवाने अंगणाकडे बोट केलं, आधी राखणदाराला ठेव म्हणून.

तिने ताट त्याच्याच मांडीवर ठेवलं.

"त्यालाच वाढलंय, बाबा."

भिवाचे डोळे भरून आले. तो उठला, नळावर जाऊन साबणाने हात धुऊन आला, आणि मगच जेवायला बसला.