पोटातल्या लेकराचा डॉक्टर

सातवा महिना लागला आणि मी घरात जाहीर केलं, की लेकरू यायच्या आधी त्याचा डॉक्टर ठरवून ठेवायचा. झालं! असोद्याच्या आमच्या घरात त्या दिवशी कोणी धड जेवलं नाही.

"लेकरू आजून पोटात हाये अन् तू त्याच्या दुखन्याची तयारी करू र्‍हायली?" सासूबाईंची भाकरी तव्यावरच राहिली. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं, मीही अक्काच म्हणायची. "काही रीतभात शिकवली का न्हाई धुळ्यावाल्याइनं?"

रीत मला ठाऊक होती. जन्माआधी बाळासाठी काही म्हणजे काही करायचं नाही. पाळणा आणायचा नाही, दुपटं शिवायचं नाही; पहिलं झबलंसुद्धा दुसऱ्याच्या लेकराचं जुनं, मागून आणायचं. तयारी दिसली की दृष्ट लागते म्हणे. आणि तयारी नसली की काय होतं, ते मी पाहिलेलं होतं.

तीन वर्षांपूर्वी माझं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, धुळ्याला झालं. मुलगा झाला. नातू पाहायला सासरची माणसंही लगोलग आली. तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं. मी बाळंतिणीच्या खोलीत, दार लोटलेलं. बाहेर वडीलधाऱ्यांनी ठरवलं, की लेकरं पिवळी पडतातच, कोवळं ऊन दाखवा, बरं होईल. पाचवी पुजली, गूळखोबरं वाटलं. त्याच संध्याकाळी त्याने दूध ओढायचं सोडलं, तेव्हा कुठे डॉक्टरची शोधाशोध सुरू झाली. एक बाहेरगावी लग्नाला गेलेला, दुसऱ्याच्या दवाखान्याला कुलूप, तिसरा राहतो कुठे तेच कोणाला माहीत नाही. सकाळी बाळ गेलं. सहा दिवसांचं होतं.

ऊन दाखवा, असं म्हणालं तरी कोण? आईला विचारलं की ती पदराने डोळे पुसायची आणि उठून जायची. असोद्यात मात्र उत्तर तयार होतं: धुळ्यावाल्यांनी हयगय केली. तीन वर्षं मी हे मुकाट्याने ऐकलं. या खेपेला बाळंतपण जळगावला करायचं, हेही त्यातूनच ठरलं. त्या मुलाचा विषय तेवढा कोणी काढायचा नाही.

सासरे, म्हणजे आबा, बायकांच्या बोलण्यात कधी पडत नसत. या वेळी पडले, ते नसते पडले तर बरं झालं असतं. "डॉक्टर पाह्यजे ना? मंग आपला मानूस हाये ना जयगावले!" त्यांच्या मावसभावाच्या मुलाने तिथे नुकताच दवाखाना टाकला होता. दुसऱ्या दिवशी आबा केळीच्या दोन फण्या घेऊन एसटीत बसले आणि संध्याकाळी सगळं ठरवूनच आले. "पक्कं झालं. आता दुसरीकडे जाशीन त सोयऱ्याइले राग येईन."

मी म्हटलं, "आबा, पण तो हाडांचा डॉक्टर आहे ना?"

"मंग? लेकराले हाडं नस्तात का?"

काय बोलणार, कप्पाळ! मी त्या डॉक्टरलाच जाऊन गाठलं. मला बघूनच त्याला घाम फुटला. "वहिनी, मी आबांना सांगायला तीनदा तोंड उघडलं. पण त्यांनी केळी टेबलावर ठेवली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणू?" अरे, नाही म्हणायला काय झालं? एवढा शिकलास, मोडलेले पाय सरळ करतोस, आणि तोंडातून एक 'नाही' निघेना! हे मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं आणि पाय आपटत बाहेर आले.

मग खऱ्याखुऱ्या बाळांच्या डॉक्टरकडे गेलो, मी आणि नवरा. बाहेर बाकड्यावर रडक्या पोरांची जत्रा. कंपाउंडरने केसपेपर पुढे ओढला.

"पेशंटचं नाव?"

"अजून ठेवलं नाही."

"वय?"

"दोन महिन्यांनी सुरू होईल."

त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई समोरच्या गल्लीत बसतात."

मी म्हटलं, मला त्या नकोत. मला तुमच्या डॉक्टरांना विचारायचंय, की रविवारी लेकरू आजारी पडलं तर ते कुठे सापडतील. बाकड्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसा म्हटलं, हसा! आत गेलो तर डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "पहिलं का?" आणि शेतात सापाला न भिणाऱ्या माझ्या नवऱ्याने चटकन सांगून टाकलं, "हो, पहिलंच." डॉक्टर म्हणाले, "मग भीती वाटतेच. झालं की आणा." घंटी वाजली आणि पुढचा पेशंट आत आला.

परतताना मोटरसायकलवर मी नवऱ्याचा खांदासुद्धा धरला नाही. फाट्याशी आल्यावर तोच म्हणाला, "उगाच लोकांना सगळं कशाला सांगत बसायचं?" सगळं! सहा दिवस मांडीवर घेतलेलं पोर, त्याला हा 'सगळं' म्हणतो! मी गाडी थांबवायला लावली आणि उरलेला रस्ता पायी तुडवत आले. तो बिचारा गाडी बंद करून मागून ढकलत आला. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला 'पेट्रोल संपलं' म्हणून सांगत होता.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच निघाले. आणखी एका डॉक्टरांचं नाव गावच्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं होतं. एसटीत बसले तर अक्का बडबडत मागून चढल्या. "सातवा महिना, अन् चालली एकटी! काही झालं त लोकं मलेच बोलतीन." जळगाव येईपर्यंत त्यांचं तोंड सुरू होतं. माझंही काही बंद नव्हतं.

हे डॉक्टर वयस्कर होते. पोटातल्या बाळासाठी आलोय म्हटल्यावर हसले नाहीत. माझं सगळं ऐकून घेतलं. घर दवाखान्याच्या वरच आहे, रविवार असो की सण असो, दार वाजवा, म्हणाले. पिवळेपणावर आता निळ्या दिव्याखाली ठेवतात, तेही समजावून सांगितलं. मग त्यांनीही तेच विचारलं, "हे पहिलं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "दुसरं."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"पह्यलं पोरगं सहा दिवसाचं गेलं," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "पिवयं पडलं होतं. विहीनबाई डॉक्टरले बलवू म्हने. मीच नको म्हनलं. म्हनलं, मी चार लेकरं वाढवली, लेकरं पिवयी पडतातच." मग त्यांनी विचारलं, "तवा आनलं अस्तं, त वाचलं अस्तं का?"

माझं डोकं भणभणलं. तीन वर्षं! तीन वर्षं ही बाई माझ्या आईला बोल लावत होती, आणि विहिणीचा मान राखायचा म्हणून माझी आई गप्प बसली, अगदी माझ्यापाशीसुद्धा. तिथल्या तिथे ओरडावं असं मला वाटलं. आता हे डॉक्टर म्हणणार, आजी, देवाची मर्जी, तुमचा काय दोष. सगळे म्हणतात तेच.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तिसऱ्या दिवशी आणलं असतं," ते म्हणाले, "तर बहुतेक वाचलं असतं."

अक्कांनी दोनदा मान हलवली. उठताना त्यांनी माझा दंड धरला. मला त्यांचा इतका संताप आला होता, की तो हात झटकून टाकावासा वाटला. पण सगळा भार त्यांनी माझ्यावर टाकला होता, झटकला असता तर खाली बसल्या असत्या.

पायऱ्या उतरून रस्त्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, "हाच डॉक्टर कर. अन् लेकरू आलं का मी काही बी म्हनो, माह्यं आयकू नको."