शेळीपालनाची तीन स्पेलिंगं

आमच्या वाचनालयात संगणक आला आणि त्याच्या पाठोपाठ वरून पत्र आलं. सगळी पुस्तकं ऑनलाइन यादीत चढवायची, आणि ते शिकण्यासाठी कर्मचाऱ्यांनी अकोल्याला तीन दिवस प्रशिक्षणाला हजर राहायचं. दर्यापूरकडच्या त्या वाचनालयात कर्मचारी म्हणजे दोघंच, मी आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलेले आमचे ग्रंथपाल सर. मी संगणकाचा सरकारी कोर्स केला होता, सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवलं होतं. सरांना माउस धड धरता येत नव्हता. अकोल्याच्या बसमध्येच मी ठरवून टाकलं, की हॉलमध्ये यांच्या शेजारी बसायचं नाही.

प्रशिक्षक पुण्याहून आले होते. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि यांच्या गळ्यात टाय. पहिला तास त्यांनी स्वतःची ओळख करून देण्यात घालवला. दुसऱ्या तासाला भारनियमनाची वेळ झाली आणि वीज गेली. जनरेटर होता, पण तो मंचावरच्या पंख्यालाच पुरत होता. मग तीनही दिवस आम्ही ऑनलाइन काम कागदावर शिकलो. संगणकाच्या पडद्याच्या चित्राच्या झेरॉक्स वाटल्या होत्या. "इथे क्लिक करायचं," ते म्हणायचे, आणि हॉलभर माणसं कागदावर बोट टेकवायची. मीसुद्धा टेकवायची, सगळ्यांच्या आधी.

सरांनी हात वर केला. "साहेब, पुस्तकाचं नाव मराठीत कसं टाकाचं?"

"इंग्रजी अक्षरांत टाका. सिस्टिमला तेच कळतं."

"पन वाचणाऱ्याले नाई कळत ना ते."

"काका, वाचकांना सवय लावायची असते," प्रशिक्षक म्हणाले. हॉल हसला. मी दोन रांगा पुढे बसून हसले. सर खाली बसले.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढला. संगणकाला हात न लावता आम्ही सगळे संगणकात प्रशिक्षित झालो होतो.

परत आल्यावर मी यादी चढवायला घेतली. वीज असेल तेव्हा, नेट चालेल तेव्हा. मराठी नावं इंग्रजी अक्षरांत, जसं त्या दिवशी सुचेल तसं. दोन महिन्यांत मी अर्धं वाचनालय आत ढकललं आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती, कपाशीची पऱ्हाटी उभ्या उभ्या वाळली होती. लोकांचं वाचनही बदललं होतं. कादंबऱ्या रॅकवर तशाच पडून असायच्या. जो येई तो कुक्कुटपालन, रेशीम, गांडूळखत असलं काहीतरी मागायचा. एक दिवस शेजारच्या खेड्यातून एक बाई आल्या. "बाई, शेळीपालनाचं पुस्तक हाये काय?"

पूर्वी मी उठून रॅकपाशी गेले असते. आता मी प्रशिक्षित होते. खुर्चीतून न हलता टाइप केलं, शोधलं, आणि पडद्याकडे बघत सांगितलं, "उपलब्ध नाही."

त्या गेल्या. पाच मिनिटांनी सर आतल्या खोलीतून आले. काय झालं ते कळल्यावर रॅककडे गेले, पुस्तकं काढली आणि तसेच चपला ओढत जीपच्या थांब्याकडे धावले. घामाघूम होऊन परतले. जीप गेली होती. तीन पुस्तकं माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "आपल्याजवळ तीन हायेत. तुमच्या मशीनीत तीन तऱ्हेनं लिवले असतील."

खरंच तसंच होतं. तीन दिवशी तीन स्पेलिंगं केलेली, आणि त्या बाईंसाठी मी चौथंच टाइप केलं होतं. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

पुढच्या रविवारी सर म्हणाले, "चला, अकोल्याले जाऊ." या वेळी हॉल नव्हता. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरातल्या एका गल्लीत लग्नपत्रिकांचा छापायचा मजकूर जुळवून देणाऱ्या एका मुसलमान बाईंचं छोटं दुकान होतं. सरांच्या मुलीची लग्नपत्रिका त्यांनीच केली होती. एकाच संगणकावर त्या सकाळी उर्दू आणि दुपारी मराठी जुळवायच्या. सरांनी प्रशिक्षणाच्या झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवल्या.

त्यांनी उलटूनपालटून पाहिल्या. "हे कोनं शिकवलं तुमाले? कागदावर?"

"पुण्याचे साहेब होते," मी म्हणाले.

"त्यांनी कधी मराठी टाकून पाहलं काय?"

बाईंनी संगणकात कुठेतरी मराठीसाठी एक खूण केली, सरांपुढे कीबोर्ड सरकवला. "लिवा, सर." सरांनी एका बोटानं शोधून शोधून 'शेळी' लिहिलं. पडद्यावर शेळी आली, ळ सकट. मग आमची ऑनलाइन यादी उघडून बाईंनी तोच शब्द तिच्यात टाकला. सिस्टिमनं मुकाट्यानं घेतला. जिला फक्त इंग्रजी कळतं म्हणून साठ माणसांना तीन दिवस सांगितलं, तिनं काही तक्रार केली नाही. पुण्याच्या साहेबांनी ते कधी करूनच पाहिलं नव्हतं. आणि सर्टिफिकेट लॅमिनेट करणाऱ्या मीही नाही.

सहा रविवार आम्ही तिथे गेलो. बाई पत्रिकेच्या गिऱ्हाइकांमधून वेळ काढून शिकवायच्या. सर हळू टाइप करायचे, पण चुकायचे नाहीत. मी भरभर चुकायची. मग वाचनालयातली सगळी यादी आम्ही पहिल्यापासून मराठीत केली.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे नमुन्याप्रमाणे नाही."

"साहेब, एखादं पुस्तक शोधून तं पाहा," सर म्हणाले.

त्यांनी शोधलं नाही. चहा घेतला आणि शेरा लिहिला, 'प्रशिक्षणाचा लाभ घेतलेला दिसत नाही.' सर हा शेरा घेऊनच निवृत्त झाले.

त्यानंतर वर्षभरात नवं पत्र आलं. सगळ्या याद्या आता मराठीतच हव्यात. जिल्ह्यातल्या इतर वाचनालयांना सगळं पुन्हा टाइप करावं लागणार होतं. आमचं काम तयार होतं, म्हणून अमरावतीच्या प्रशिक्षणात मला शिकवायला बोलावलं. मी आयोजकांना अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बाईंना बोलवायला सांगितलं. "त्यांच्याकडे पदवी आहे का?" त्यांनी विचारलं. नव्हती. विषय संपला.

तिथे मंचावर तेच प्रशिक्षक बसले होते, आता 'तज्ज्ञ मार्गदर्शक' म्हणून. मी शिकवलं. वीज होती, लोकांनी खरोखर टाइप केलं. शेवटी मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, तुमी हे कुठी शिकल्या?"

मी मंचाकडे पाहिलं. तज्ज्ञ माझ्याकडे बघून हसत होते. "मागच्या प्रशिक्षणातच," मी म्हणाले. टाळ्या झाल्या.

सरांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "खोटं काहून बोलल्या?" आणि फोन ठेवला. त्या टायवाल्याला मी आजवर किती नावं ठेवली असतील. पण तो निदान अज्ञानानं चुकीचं बोलला होता.

रविवारी मी जुन्या शहरात गेले आणि बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या एका पत्रिकेतली नावं तपासत होत्या. ऐकून त्यांनी वर पाहिलं. "अच्छा," एवढंच म्हणाल्या, आणि काउंटरशी थांबलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं, "नवरदेवाच्या मामाचं नाव ऱ्हस्व का दीर्घ?"