शिंगांच्या रंगाचा ट्रक

काशिनाथ मिस्तरी गेल्याचं मला टेंभुर्णीच्या बाजारात कळलं. मिरच्या निवडत होतो. विकणाराच म्हणाला, "बाबा, तुमचा मिस्तरी सकाळी गेला." मिरच्या तिथंच ठेवल्या... महिना होत आला त्याला. मी चौथीपर्यंत शिकलेला, चार ओळी लिहिल्या की मनगट दुखतं. पण हे दुसऱ्या कुणाच्या हातून लिहवून घ्यायचं नाही, असं ठरवलंय.

मिल्ट्रीनं टाकून दिलेल्या गाड्या लिलावात निघायच्या. लोक त्या भंगार म्हणून भट्टीत घालायला न्यायचे. काशिनाथ मात्र प्रत्येक गाडीला काहीतरी काम शोधायचा. एका जीपच्या इंजनावर त्यानं पिठाची गिरणी चालवली, एका ट्रेलरचं कडब्याचं गाडं केलं. पाऊस रुसला त्या साली आम्ही दोघांनी मिळून एक ट्रक आणला आणि त्यावर गावासाठी पाण्याची टाकी बसवली. तो म्हणाला, "आधी रंग बदलू. मिल्ट्रीचा हिरवा आपल्याला चालत न्हाई, कायदा हाय." मी म्हणालो, "सगळा रुबाब त्या रंगातच हाय. बिलकुल हात लावायचा न्हाई!"

तिसऱ्याच खेपेला पोलिसांनी ट्रक अडवला. चार दिवस तो चौकीसमोर उभा, आणि गावात बाया रिकाम्या घागरी घेऊन पारावर. "रंग कुणी ठेवला?" सगळे विचारू लागले. मी खाली बघत होतो. काशिनाथ म्हणाला, "माझ्याच ध्यानात राह्यलं न्हाई." बायांनी त्याला नाही नाही ते ऐकवलं. पोळा नुकताच झाला होता. त्यानं घरोघरून बैलांच्या शिंगांचा उरलेला रंग मागून आणला आणि चौकीसमोरच ट्रक रंगवला. बॉनेट लाल, टाकी निळी, दारं पिवळी. हवालदार हसला, "मिस्तरी, आता झूल बी घाला की!" मंग ताकीद देऊन सोडलं.

तेव्हापासून गाव त्याला विसरभोळा मिस्तरी म्हणू लागलं. "मिस्तरी, नट आवळला का?" पोरंसोरं चिडवायची. तो हसायचा. मी... मीपण हसायचो. वीस वर्षं तोंड उघडलं नाही. ताठा, दुसरं काय.

परवा काशिनाथच्या घरी वैनीकडं गेलो. त्या शेंगा फोडत होत्या. म्हणालो, "वैनी, तो रंग मी ठेवायला लावल्ता."

"ठाऊक हाय भाऊजी. त्यांनी तवाच सांगितल्तं. म्हणले, मला गाव हसंल अन् सोडून देईल. त्याला हसलं, तर तो घराबाहेर निघणार न्हाई."

बोलता बोलता त्यांनी त्याच्या बाजेवरचं पांघरूण सारून जागा केली. उशाशी त्याचा चष्मा होता, एका काडीला तांब्याची तार गुंडाळलेला.

"बसा," वैनी म्हणाल्या.

माझ्यानं त्याच्या जागेवर बसवलं नाही. उभाच राहिलो.