पडद्यावरची दोन माणसं

रत्नमाला सोनार यंत्रावर काम करते, असं तिच्या आईनं, कडूबाईनं, भावसिंगपुऱ्यातल्या गल्लीत सांगितलं तेव्हा बायकांना वाटलं, पोरगी सराफ्यात कुणा सोनाराकडं लागली. "दागिने घडविती का मग?" एकीनं विचारलं. कडूबाई म्हणाली, "नाय वो, पाण्याखालचं बघती."

काम तेच होतं. यंत्र पाण्यात आवाज सोडतं, माणसाच्या कानाला न कळणारा. तो तळाला, दगडाला, झाडाच्या खोडाला धडकून परत येतो आणि होडीतल्या पडद्यावर पिवळट चित्र उमटतं. टणक वस्तू झळकते. चिखल आवाज पिऊन टाकतो, म्हणून काळपट दिसतो. उभ्या वस्तूमागं लांब काळी सावली पडते. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर रत्नमाला एका सर्वेक्षण कंपनीत लागली आणि आठ वर्षांत ती चित्रं वाचण्यात तिचा हात धरणारं तिथं कुणी उरलं नाही. धरणांतला गाळ मोजायचा, पाइपलाइनचा मार्ग तपासायचा, असं तिचं वर्ष जायचं.

पण अधूनमधून तहसीलमधून फोन यायचा. कुणीतरी बुडालेलं असायचं. त्या दिवशी तिला घास उतरत नसे. नवरा, सम्यक, गुलमंडीत कापडाच्या दुकानात होता. तो म्हणायचा, "नको जाऊ. सांग, तब्येत बरी नाही." ती बूट घालायची. तिला भीती मेलेल्या माणसाची वाटत नव्हती. पडद्यावर नुसताच खडबडीत तळ दिसत असतो, आणि एका क्षणात त्यातल्या एका रेषेचा हात होतो. त्या क्षणाची तिला धास्ती होती.

मागच्या मे महिन्यात असाच फोन आला. वैजापूरकडचा ऋतुराज नावाचा बावीस वर्षांचा मुलगा मावसभावाबरोबर नाथसागराच्या काठच्या एका गावात पाहुणा आला होता. दोघं मासेमारांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसून आत गेले, वारा सुटला, तराफा उलटला. मावसभाऊ पोहून काठाला लागला. ऋतुराजचा दोन दिवस गळ टाकून शोध घेतला, पण हाती काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रत्नमालाची जीप तिथं पोहोचली.

काठावर शे-दीडशे माणसं होती. ऋतुराजची आई, वच्छलाबाई, अगदी पाण्याच्या कडेला बसलेली होती. तिची पावलं पाण्यात होती आणि तिला तिथून कुणी उठवत नव्हतं. रत्नमाला यंत्राची पेटी घेऊन जवळून निघाली तेव्हा तिनं मान वर केली.

"बाई, तुमच्या टीव्हीत माझा पोरगा दिसंल का?"

"बघते मावशी," एवढंच रत्नमालाच्या तोंडून निघालं.

होडीत चौघं होते. इंजिनवर काकासाहेब, साठीचे. कामाचा प्रमुख अभय, तिच्याहून दोन वर्षांनी लहान, हुशार पण घायकुत्या. पाणबुड्या सांडू, आणि ती. सांडू पंचेचाळिशीचा, भोई घरातला, याच पाण्यावर वाढलेला. तो तिला ताई म्हणायचा, ती त्याला सांडूभाऊ. दुसरा पाणबुड्या सत्यम तापानं घरी पडून होता. नियम असा की एक जण खाली असेल तर दुसरा वर तयार हवा. अभयनं ऑफिसला फोन लावला, तेव्हा दुपारनंतर दुसरा माणूस पाठवतो, असं उत्तर आलं.

तासाभरातच पडद्यावर ते दिसलं. अकरा मीटर खाली, तळाशी एक जुनं बाभळीचं झाड आडवं-तिडवं पडलेलं होतं, धरण भरण्याआधीच्या कुण्या शेताच्या बांधावरचं. त्याच्या फांद्यांशी एक लांबट आकृती होती. मागं सावली. सावलीला खांदा होता.

"हाच," ती म्हणाली.

अभय तिच्या खांद्यावरून वाकला. "हे भोवती धुरकट काय आहे?"

आकृतीभोवती खरंच एक फिकट पापुद्रा होता, धुक्यासारखा. रत्नमालानं आवाजाची तीव्रता कमी-जास्त करून पाहिली. पापुद्रा कधी दिसे, कधी विरे. "शेवाळ असावं," ती म्हणाली. ते म्हणताना तिची खात्री नव्हती. आणखी दोन बाजूंनी होडी फिरवून बघायला हवं होतं. पण काठावरून कुणीतरी ओरडलं, "सापडला का?" आणि वच्छलाबाई उठून उभी राहिली. गुडघाभर पाण्यात उतरू लागली तशी बायकांनी तिला धरलं.

सांडू म्हणाला, "माय तिथं उभी हाय, अन् आपण दुपारपर्यंत वाट बघायची व्हय? मी जातो."

"दुसरा माणूस नाय, सांडूभाऊ."

"ताई, तुमी हायेत ना वर. तुमी बघा माझ्याकडं."

अभयनं क्षणभर विचार केला आणि होकाराची मान हलवली. सांडूनं सिलिंडर चढवलं, कमरेला दोर बांधला, सुरी तपासली. दोराची भाषा ठरलेली होती. एक हिसका म्हणजे ठीक, लागोपाठ हिसके म्हणजे ओढा. तो पाठमोरा पाण्यात पडला आणि गढूळ पाणी त्याच्यावर मिटलं.

आता पडद्यावर दोन माणसं होती. एक निपचित. दुसरा झाडाकडं सरकणारा, आणि दर पाच-सहा सेकंदांनी त्याच्या डोक्यावरून बुडबुड्यांचा लखलखीत झोत वर जायचा. हवा आवाजाला सगळ्यात जोरानं परतवते. रत्नमाला ते झोत मोजत होती. तिला सवयच होती. आत हाताला हात दिसत नव्हता, सांडू चाचपडत चालला होता, आणि तो कुठं आहे हे साऱ्या जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

"दोन मीटर राहिलं," ती म्हणाली. "पोचला."

दोराला एक हिसका आला. अभयनं सुस्कारा टाकला.

मग दोन्ही आकृत्या एकमेकींत मिसळल्या. तसं होणारच होतं, त्याला धरायचंच होतं. पण सांडूचा आकार मागं सरेना. तो धुरकट पापुद्रा हलला. नुसता हलला नाही, घडी पडल्यासारखा सांडूवर आला, आणि त्यात चौकोनी विणीची पुसट रेघ तिला दिसली.

शेवाळाला वीण नसते.

"जाळं," ती म्हणाली. "जुनं जाळं आहे. तो अडकला."

त्याच वेळी वारा वाढला होता. पूर्वेकडून लाटा येऊ लागल्या आणि होडी हळूहळू मागं रेटली जात होती. दोर ताणला गेला. बुडबुडे आता दर तीन सेकंदांनी येत होते. मग दोन. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, अर्ध्या तासाचं सिलिंडर दहा मिनिटांत रितं होतं.

"ओढा!" अभय ओरडला. त्यानं आणि काकासाहेबांनी दोर धरला, पाय होडीच्या काठाला रोवले आणि जोर लावला. दोर तसूभर आला नाही. पडद्यावर सांडूचा आकार मात्र झाडात आणखी खाली गेला.

खाली? रत्नमालानं पडद्याला नाक लावलं. ताणलेला दोर केसाएवढ्या रेघेसारखा दिसत होता, आणि ती रेघ सांडूपर्यंत जात नव्हती. फांदीशी जाऊन संपत होती. तळावर तिची सावली पडली होती. त्या सावलीला कोपर होतं. दोर फांदीखालून वळून सांडूकडं गेला होता. वरून जितकं ओढतील तितका तो फांदीला आवळला जाणार होता.

"ओढू नका!" ती किंचाळली. "दोर सोडा! सोडा दोर!"

"वेड लागलं का?" अभयचा चेहरा पांढराफटक झाला होता. "तेवढाच तर धागा आहे त्याचा!"

"तुम्ही त्याला झाडाला बांधताय! दोर फांदीखालून गेलाय. ढिला सोडा, काका, इंजिन लावा, होडी पुढं घ्या!"

"तुला नक्की दिसतंय?"

हाच प्रश्न. दिसत होती ती एक कोपरासारखी काळी रेघ, तीही मधूनमधून. अर्ध्या तासापूर्वी तिनं शेवाळ असावं म्हटलं होतं. हीही चूक निघाली तर आपल्याच शब्दावर सांडूचा हात सुटणार, हे तिला कळत होतं. पण सावली तिनं आठ वर्षं वाचली होती.

"नक्की," ती म्हणाली.

काकासाहेबांनी अभयकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी दोर हातातून सोडला आणि इंजिनची दोरी खेचली. होडी वाऱ्याच्या तोंडावर पुढं गेली. दोर पाण्यावर सैल पसरला, एखाद्या टाकून दिलेल्या सुतळीसारखा.

पडद्यावर काही बदललं नाही.

बुडबुडे एक. दोन. मग थांबले. रत्नमाला मोजत राहिली. चार, पाच, सहा, सात. अभय खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "सांडूभाऊ," ती पडद्याशी बोलत होती, "सांडूभाऊ, श्वास सोडा, सोडा ना श्वास." आठ. नऊ.

झोत आला. लहान, पण आला. त्याच्यामागं एक हात सुटा झाला, झाडापासून वेगळा. तो हात पुढं-मागं, पुढं-मागं होऊ लागला. सुरी.

जाळ्याची घडी फाटली. सांडूचा आकार एकदम वर उचलला गेला आणि पडद्याच्या बाहेर निघून गेला, तेव्हा रत्नमालाच्या डोळ्यांपुढं फक्त ऋतुराज उरला होता.

"तिकडं!" काकासाहेब ओरडले. वीस हातांवर काळं डोकं पाण्यावर आलं होतं.

त्याला होडीत ओढून घेतलं तेव्हा त्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि एका कानातूनही. मनगटाला जाळ्याचे लाल वळ. तो खोकत राहिला, मग पाण्याकडं बघायला नको म्हणून त्यानं तोंड होडीच्या फळीकडं केलं. रत्नमालाला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण तिनं हात मांड्यांखाली दाबून धरले.

जाळं कापलं गेल्यामुळं दोन तासांनी ऋतुराज आपोआप वर आला. वच्छलाबाईला मुलगा मिळाला. तिनं हंबरडा फोडला नाही. ती नुसती त्याच्या केसांतली पानं काढत बसली.

सांडूला घाटीत, सरकारी दवाखान्यात, दाखवलं. कानाचा पडदा फाटला होता. आठवड्यानं रत्नमाला त्याच्या घरी गेली. त्याच्या बायकोनं चहा ठेवला. ती ओट्यावर बसली आणि चहा येण्याआधीच म्हणाली, "सांडूभाऊ, ते जाळं मला आधी दिसलं होतं. मी शेवाळ म्हणाले. परत फिरून बघायला पाहिजे होतं."

सांडूनं बरा कान तिच्याकडं केला. तिला पुन्हा सगळं सांगावं लागलं, मोठ्यानं, आणि ते जास्त अवघड गेलं.

त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "दोर ढिला पडला ना ताई, तवा मला वाटलं, वर कुणी राह्यलं नाय. समदे बुडाले. लई भ्यालो. तसं भेव मला कधीच वाटलं नव्हतं." त्यानं मनगट चोळलं. "तुमच्यावर राग हाय का, ते मला अजून कळंना. कळलं की सांगीन."

तिनं मान खाली घातली. चहा दोघांनी घेतला.

सांडू परत पाण्याखाली गेला नाही. डॉक्टरांनी मनाई केली होती, आणि केली नसती तरी तो गेला नसता, असं तोच सांगतो. रत्नमालानं दीड महिना यंत्राला हात लावला नाही. नोकरी सोडायची म्हणून अर्जही लिहिला. पण पावसाळ्यात सोयगावकडच्या एका तलावात काम निघालं, आणि यंत्रावर बसलेल्या नव्या मुलीनं, श्रेयानं, घाबरून फोन केला, "ताई, काहीतरी धुरकट दिसतंय, काय म्हणू?"

"काहीच म्हणू नको," रत्नमाला म्हणाली. "कुणाला खाली सोडू नको. मी निघाले."

जीप घेऊन सांडू आला होता, हल्ली तोच गाडी चालवायचा. तलावाच्या काठावर उतरल्यावर ती क्षणभर जीपच्या दाराला धरून उभी राहिली. सांडूनं यंत्राची पेटी उचलली आणि तिच्या पुढं चालू लागला.