ओरखडेबाईंची छापील चूक

वेधशाळेच्या तळमजल्यावर एक बाई बावीस वर्षं काचा तपासत होत्या. रात्री दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काचेवर निघत. त्यात तारे ठिपक्यांसारखे दिसत आणि सरकणारं काही असलं तर त्याची रेघ उमटे. दिवसा बाई ती काच भिंगाखाली घेत आणि जी रेघ म्हणजे निव्वळ ओरखडा, तिच्याभोवती लाल शाईने गोल करत. म्हणजे मग शास्त्रज्ञ मंडळी ओरखड्याला ग्रह समजून हुरळत नसत. या उपकाराबद्दल त्यांना ‘ओरखडेबाई’ ही पदवी मिळाली होती. दुसरी पदवी त्यांच्याकडे नव्हती. पण त्यांचा गोल आजवर एकदाही चुकला नव्हता.

एका मंगळवारी नव्या काचेवर, कोपऱ्यात, तांदळाच्या कणीएवढी रेघ दिसली. अशीच एक त्यांनी पाच दिवसांपूर्वी गोलात टाकली होती. त्यांनी जुनी काच काढली. लांबी तीच, कल तोच, जागा मात्र सरकलेली. ओरखडे एका काचेवरून दुसरीवर चालत जात नाहीत.

जुना गोल ओल्या फडक्याने पुसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. बाई दोन्ही काचा घेऊन जिना चढल्या.

“साहेब, हा ओरखडा नाही. माझं चुकलं.”

“तुमचं?” संचालकांनी चष्मा काढला. “बाई, तब्येत बरी आहे ना?”

“मला काय धाड भरलीय! कक्षा काढायला तिसरा वेध लागेल. आजच दुर्बीण तिकडे वळवा. उद्यापासून चांदणं वाढलं की हा हातचा गेला.”

“आज माझ्या ताऱ्याची पाळी आहे.”

“तुमचा तारा कुठे पळतोय? हे चालतं प्रकरण आहे.”

साहेबांनी तारा मागे ठेवला. तिसरा वेध मिळाला. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला लघुग्रह निघाला. सूर्याभोवती एका फेरीला साडेचार वर्षं, रुंदी जेमतेम बारा किलोमीटर, रंग कोळशासारखा. त्या पट्ट्यात असले लाखो धोंडे आहेत, पण हा आता हरवणार नव्हता.

“अहवालात तुमच्या गोलाचा उल्लेख टाळू,” साहेब म्हणाले.

“आणि पहिला वेध कुठल्या काचेवरचा म्हणून सांगणार? लिहा सरळ.”

छापून आलं: ‘प्रथम ओरखडा म्हणून नोंद.’

घरी बाईंच्या सासूबाईंनी ते दोनदा वाचलं. “अगं, बावीस वर्षांत एकच चूक, आणि तीही छापून आणलीस?”

“काय करू आई, बरोबर होतं ते कुणी छापलंच नाही.”