पाकटाचा काटा आणि माझं सॉरी

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाहीये. मालवणहून इकडे परदेशी आमच्याकडे आलेल्या सासूबाईंना आणि माझ्या पाच वर्षांच्या लेकीला, ईराला घेऊन आज मत्स्यालयात गेले होते. तिथे एका उथळ टाकीत मुलं माशांना हात लावत होती. पंखांसारखे पर हलवत एक चपटा मासा ईराच्या बोटांजवळ आला.

"पाकट आहे तो! हात काढ!" सासूबाई ओरडल्या आणि त्यांनी ईराला असं खेचलं की ती फरशीवर आपटली.

"आजी, यू हर्ट मी!" ईराने भोकाड पसरलं. सगळे वळून बघायला लागले. गार्डने वॉकीटॉकी काढला. पोलीस, चौकशी, सासूबाईंचा व्हिसा... सगळं डोळ्यांसमोर आलं. मी घाईघाईने सॉरी म्हणून इंग्रजीत सांगून टाकलं, "शी डझन्ट नो एनिथिंग."

गार्ड निवळला. म्हणाला, इथल्या माशांच्या शेपटीचे विषारी काटे कापलेले असतात.

गाडी घराजवळ आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माझ्या वडिलांचा पाय पाकटाच्या काट्याने गेला. आणि 'डझन्ट नो' एवढं इंग्रजी मला येतं गं."

आता ईरा त्यांच्या कुशीत झोपलीय. मी दाराबाहेर उभी आहे. आत जाऊन काय बोलू?