विजूनं खाल्लं, ते मीही खाल्लं

विजू गेली हे मला सकाळी साडेनऊला कळलं, आणि ती कशानं गेली हे दुपारच्या चहापर्यंत आमच्या मराठी मंडळाच्या अख्ख्या ग्रुपला कळलेलं होतं. डॉक्टरांना अजून कळायचं होतं, पण ग्रुपला कळलं होतं. ‘रानातले मशरूम खाल्ले म्हणे.’ त्याखाली जोडलेले हात, मग रडके चेहरे, मग कुणीतरी विषारी छत्र्यांचा एक व्हिडिओ टाकला... मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी होते, आणि मला रडू येण्याआधी राग आला. अजूनही रागच येतो. तिला जाऊन सात आठवडे झाले. लोक म्हणतात, मंगल, आता लिही काहीतरी, मन मोकळं होईल. मन मोकळं करायला मी हे लिहीत नाहीये. एक गोष्ट सरळ करायची आहे, म्हणून लिहितेय.

आदल्या संध्याकाळी तिच्याच टेबलावर, त्याच कढईतलं मी खाल्लं होतं. तिच्यापेक्षा जास्तच, कारण तळाला लागलेलं मी खरवडून घेतलं होतं. मला साधी ढेकरसुद्धा आली नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं, तर उत्तर काय आलं? ‘देवाची कृपा, तू वाचलीस.’ आता यांच्यापुढे कुणी डोकं फोडावं!

विजू मूळची सावंतवाडीकडची. इथे विलायतेत, लँकेशरमध्ये, आम्ही एकाच हॉस्पिटलात नोकरी केली. मी खाली फार्मसीत, ती वर लॅबमध्ये. ती दिवसभर काचेच्या बशांमध्ये जंतू वाढवायची आणि कँटीनमध्ये माझ्यासमोर बसून त्यांच्या गमती सांगत चीज सँडविच खायची. माझं जेवण तिथेच थांबायचं. मैत्री झाली ती लोणच्यावरून. माझ्या डब्यातलं लिंबाचं लोणचं तिनं न विचारता बोटानं चाटलं आणि म्हणाली, “मीठ कमी पडलंय गं.” सव्वीस वर्षांत तिनं माझ्या कुठल्याही पदार्थाला याहून बरं काही म्हटलं नाही.

आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर, उत्तरेला, चुनखडीच्या टेकडीच्या उतारावर एक रान आहे. कुठलं ते सांगणार नाही. तिनं मला शपथ घातली होती आणि ती गेली म्हणून शपथ सुटली असं मी मानत नाही. एप्रिल सरताना तिथे रानलसणाची पानं घोट्याएवढी वाढलेली असतात, सगळीकडे फोडणीचा वास सुटल्यासारखा वाटतो, आणि जुन्या ॲशच्या झाडांखाली, वाळक्या पानांत, मोरेल जातीच्या अळंब्या येतात. विजू त्यांना ‘जाळीवाली’ म्हणायची. बोटभर उंच, करडी-तपकिरी, आणि डोक्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी. पहिल्यांदा तिनं मला नेलं तेव्हा मी तासभर कंबर वाकवून जमीन धुंडाळत होते. ती मागून म्हणाली, “अगं, पडलेली सुई शोधतेस का? आधी झाड बघ. झाड ओळखीचं निघालं की मगच खाली बघायचं.” तोवर मी अशाच एका जाळीवालीवर उभी होते.

आणि ग्रुपवर तिला ‘बेफिकीर’ म्हणणाऱ्यांनी हे जरा नीट वाचावं. या बाईनं पहिली तीन वर्षं एकही अळंबी तोंडात घातली नव्हती. तीन वर्षं! नुसती जायची, बघायची, एखादी घरी आणून उभी चिरायची, भिंग लावून बसायची. लहानपणी तिच्या आजोळी अळंबी सर्रास खात, पण ती म्हणायची, “तिथली ओळख इथे चालत नाही. इथलं रान मला ओळखत नाही, मीही त्याला ओळखत नाही. आधी ओळख होऊ दे.” खरी जाळीवाली देठापासून शेंड्यापर्यंत आतून पोकळ असते. तिच्यासारखी दिसणारी दुसरी एक असते, तिच्या आत कापसासारखं काहीतरी भरलेलं असतं, आणि ती घातक. म्हणून एकूणएक उभी चिरायची. कच्चं तर सोडाच, अर्धंकच्चंही खायचं नाही. खिडकी उघडी ठेवून वीस मिनिटं शिजवायचं, आणि वीस म्हणजे वीस. एका वर्षी आम्हाला टोपलीभर मिळाली होती, त्यात एक आतून शंकास्पद निघाली. बाईनं सगळी टोपली कचऱ्यात ओतली. मी अक्षरशः रडकुंडीला आले. म्हटलं, अगं एकच तर होती! तर म्हणाली, “एकच पुरते, मंगल.” हिला बेफिकीर म्हणता?

तिला कुणाची भीडही नव्हती. एकदा रानात कुत्रा फिरवणारे एक आजोबा आम्हाला बघून थांबले. दोन सावळ्या बायका, हातात सुऱ्या, गुडघ्यावर बसलेल्या. त्यांनी अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, हे विषारी असू शकतं हे तुम्हाला माहीत आहे का? आणि पुढे, तुमच्या देशात रानं असतात का? विजूनं मान वर केली. “असतात की. त्यात बिबटे असतात. इथे कुत्रे दिसतात फक्त.” इंग्रजीत म्हणाली, आणि तितकंच सावकाश, एकेक शब्द सुटा करून. आजोबा आधी लाल झाले, मग मोठ्यानं हसले. मी मात्र त्या वेळी झाडाआड होते, हे कबूल करते. भांडण मला आता जमायला लागलंय, तेव्हा नव्हतं जमत.

श्रीकांतराव, म्हणजे तिचे यजमान, जन्मात कधी त्या अळंबीच्या वाटेला गेले नाहीत. आम्ही दोघी खोबऱ्याचं वाटण लावून, तुपात परतून, बोटं चाटत खायचो, आणि ते शेजारी बसून दहीभात कालवायचे. दरवर्षी तोच विनोद. “एक जण तरी शिल्लक राहायला हवा ना, ॲम्ब्युलन्सला फोन करायला!” आम्हीही दरवर्षी हसायचो.

...आणि मग त्यांनाच तो फोन करावा लागला. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर विजू ‘डोकं...’ एवढंच म्हणाली आणि कलंडली. पलीकडून विचारलं, त्यांनी काय खाल्लं होतं? आणि या भल्या माणसाच्या तोंडून, इतकी वर्षं घोटलेलं तेच बाहेर आलं, जंगली मशरूम. शेजारच्या काकू धावत आल्या होत्या, त्यांनी ते ऐकलं. मंडळाच्या ग्रुपवर जायला त्याला आणखी काही लागलं नाही.

मेंदूतली एक रक्तवाहिनी फुगलेली होती, कदाचित कित्येक वर्षांपासून, ती फुटली. मृत्यूचं कारण तपासणाऱ्या कोरोनरच्या अहवालात स्वच्छ लिहिलंय, खाण्याचा काडीमात्र संबंध नाही. पण अहवाल यायला दिवस लागले, अंत्यविधीची तारीख मिळायला आणखी लागले. तेरावा दिवस तर दहनाच्या आधीच उलटून गेला. तोवर ‘मशरूमनं गेली’ हे इतकं पक्कं बसलं होतं, की मी अहवालातलं वाक्य ग्रुपवर टाकलं तर एकीनं लिहिलं, ‘हो, पण शरीराला धक्का बसतोच ना गं.’ माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! चाळीस वर्षं जिनं लॅबमध्ये दुसऱ्यांचे जंतू ओळखले, ती बाई मागे काय म्हणून राहणार? काहीबाही खाऊन मेलेली? पोरांना दाखवायचा धडा म्हणून?

तिची मुलगी रेणू रीडिंगला असते, आयटीत. ती महिनाभर येऊन राहिली होती. एक दिवस तिचा फोन आला. “मंगलमावशी, बाबा काही खात नाही. सारखा म्हणतो, मी का बोललो, मी का बोललो. मी त्याला रिपोर्ट वाचून दाखवला. ही नीड्स समथिंग एल्स.” काय ते तिलाही माहीत नव्हतं, मलाही.

दहनानंतरच्या रविवारी विजूच्या घरी जेवण ठरलं. शेजारच्या काकूंनी ग्रुपवर आपल्याकडची रीत सांगितली, त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं करायचं. प्रत्येकीनं एकेक पदार्थ वाटून घ्यायचा होता. मग काकूंनीच मला फोन केला. “विजूला काय आवडायचं गं? श्रीखंड सांगू का?” विजूला गोडाचा तिटकारा होता. मी म्हटलं, “अळंबी आवडायची. मी आणते.”  काकू म्हणाल्या, “अगं... शोभेल का ते? त्या दिवशी?” मी म्हटलं, “रीत तुम्हीच सांगितलीत, काकू.” आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मीच घाबरले, ते वेगळं. कारण विजूशिवाय मी त्या रानात कधीच गेले नव्हते. इतकी वर्षं मी शोधायचे आणि ती ‘हो’ म्हणायची. आता हो कोण म्हणणार होतं? समजा माझी चूक झाली, समजा त्या टेबलावर कुणाला काही झालं, तर विजूवरचा तो डाग माझ्याच हातानं कायमचा पक्का होणार होता.

रेणू म्हणाली, “आईची टोपली घेऊन जा.” घेऊन गेले. मे अर्धा सरला होता, मोसम जवळजवळ संपलेला. रानलसूण पिवळा पडला होता. पुष्कळशी ॲशची झाडं रोगानं वाळत चालली आहेत, नुसत्या काड्या उभ्या. दोन तास मला एकही दिसली नाही. मी मोठ्यानं बोलायला लागले. विजू, हे बरं नाही हं. इतकी भांडलेय मी तुझ्यासाठी, आता मला तोंडघशी पाडू नकोस. मग एका पडलेल्या खोडाशी बसले आणि चांगली रडले, पहिल्यांदाच. नाक पुसून आधी झाड बघितलं, मग खाली बघितलं. तिथे पाच होत्या. पुढच्या तासाभरात चौदा झाल्या. घरी येऊन चौदाही उभ्या चिरल्या, भिंग लावलं, पुस्तक उघडलं, पुन्हा भिंग लावलं. सगळ्या पोकळ. आदल्या संध्याकाळी मी एकटीनं थोडी शिजवून खाल्ली आणि रात्रभर वाट पाहिली. झोप लागली की हो छान!

रविवारी मधल्या टेबलावर पुरी, बटाट्याची भाजी, वरण-भात, आणि हो, श्रीखंडही होतंच. त्यांच्याशेजारी मी माझं छोटं पातेलं ठेवलं आणि त्याला चिठ्ठी लावली, ‘रानातली अळंबी, विजूच्या पद्धतीनं. ज्याला हवी त्यानंच घ्यावी.’ लोक ताट घेऊन यायचे, चिठ्ठी वाचायचे आणि पातेल्याला वळसा घालून पुढे सरकायचे. काकूंनी तर पदर सावरून घेतला, जणू पातेलं उडी मारणार होतं. मी सगळ्यांसमोर वाढून घेतलं आणि उभ्या उभ्या खायला लागले.  रेणूनं घेतलं. बाकी कुणीच नाही.

श्रीकांतराव कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते. दिवसभर त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. ते उठले, हळूहळू टेबलाशी आले आणि रिकामं ताट माझ्यासमोर धरलं.  “वाढा, मंगलताई.” मी चमचाभर वाढलं. पहिल्यांदा खाणाऱ्यानं थोडंच खायचं, हा विजूचा नियम. ते तिथेच उभे राहून म्हणाले, “मी फोनवर चुकीचं बोललो. ती यानं गेली नाही. हे मला सगळ्यांसमोर एकदा सांगायचं होतं.” मग काकूंकडे वळून, अगदी शांतपणे, “तुम्ही ऐकलंत ना? मग हेही लिहा ग्रुपवर.” आणि खायला लागले. एकेक घास, सावकाश, कपाळाला आठ्या घालून. ताट पुसून खाल्लं.  मग काकूंनीच चमचा उचलला आणि पातेल्यातला एक तुकडा घेतला, अगदी नखाएवढा. घेतला मात्र.

श्रीकांतरावांनी ताट खाली ठेवलं, माझ्याजवळ वाकले आणि कुजबुजले, “खरं सांगू, मंगलताई? मला नाही आवडलं. विजूला सांगू नका.”

सांगणार. पुढच्या एप्रिलमध्ये त्या रानात पाऊल ठेवलं की पहिलं तेच सांगणार आहे.